पेन्सिल कुठे थांबते

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं झालं की ती वस्तू आधी माझ्यापुढे आणून ठेवत. टरबूज असो, लुगडं असो, नाहीतर गोठ्यात बांधायची गाय असो. माय म्हणायची, "पाय बरं पोरी, शक येते का?" मी टरबुजाचा देठ बघायची, लुगड्याची घडी उलगडून आतली बाजू उजेडात धरायची आणि गाईच्या मालकाला विचारायची, की इतकी दुधाळ गाय तो विकतो का आहे. मी "येते" म्हटलं की सौदा मोडलाच. तेव्हा मी परकर नेसणारी पोर होते. अकोल्याच्या बाजारात मला पाहून तोंड फिरवणारे विकणारे बरेच होते, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

हा स्वभाव मी कुठून आणला हे शोधायला लांब जायला नको. मोर्णेकाठी आमचा भाजीचा मळा होता आणि माय बाजारात टोपलं घेऊन बसायची. टोपलं भरायची एक रीत असते. वाकडी, लहान, किडीची शंका असलेली वांगी खाली आणि काळी तुकतुकीत वांगी वर, देठ बाहेर करून. माय काही लबाड बाई नव्हती. सगळ्याच जणी तसं भरत, आणि घेणाऱ्या बायाही ते धरूनच हात खाली घालत. नुसतं वरचं वांगं बघून भाव करायची ती फक्त नव्याने बदलून आलेल्या एखाद्या साहेबाची बायको. हे पाहत मी वाढले, त्यामुळे कोणी मला काही दाखवायला आणलं की माझा हात आजही आपोआप खाली जातो.

एकदा आमच्या मळ्यावर नंदीबैलवाला आला होता. बायका हात जोडून विचारत होत्या, औंदा पीक येईल का, गेलेला माणूस परत येईल का, आणि झूल पांघरलेला बैल बरोबर जागी मान हलवत होता. सगळ्या समोर उभ्या होत्या. मी मागे गेले. नंदीबैलवाला बगलेतल्या ढोलकीवर वाकडी काडी घासत गुबुगुबु वाजवत होता, आणि जिथे बैलाने 'हो' म्हणायचं तिथे ती काडी जराशी थांबत होती. बैल प्रश्न ऐकतच नव्हता. तो काडी थांबायची वाट बघत होता. मी हे तिथल्या तिथे मोठ्याने सांगितलं आणि मायने माझ्या पाठीत धपाटा घातला. मग तिनेच बैलापुढे सुपातली ज्वारी ओतली. "त्या मुक्या जनावराचा काय गुन्हा," म्हणाली.

पुढे मला पाहायला मंडळी आली, तर मी त्यांनाच विचारलं की तुमच्या मुलाची आधीची सोयरीक कशी मोडली. ते चहा न पिताच उठले. असं दोनदा झाल्यावर वडिलांनी हात टेकले आणि मला अमरावतीला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. निदान पगार तरी मिळवील, म्हणाले.

तिथे आम्हाला मानसशास्त्र शिकवायला जे सर होते ते पुण्याकडचे. त्यांचं बोलणं आम्हाला रागावल्यासारखं वाटायचं आणि आमचं बोलणं त्यांना भांडल्यासारखं. मुलांची बुद्धी मोजता येते, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. बुद्धी मोजायची तर संख्याशास्त्र हवं, म्हणून सरासरी म्हणजे काय, नमुना म्हणजे काय, हे ते फळ्यावर मोठ्या मायेने शिकवत. वर्गातली निम्मी मंडळी त्या वेळी खिडकीबाहेर बघत असत. मी मात्र कान टवकारून बसायची, कारण हा माणूस आमच्या टोपल्याबद्दलच बोलतो आहे, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं.

"थोडी मुलं तपासली की सगळ्या मुलांविषयी बोलता येतं," सर म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "ती थोडी कोणी निवडली, सर? वरून काढली की खालून?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला पुन्हा तेच बोलायला लावलं आणि मग पूर्ण तास त्यावरच घालवला.

आणखी एका दिवसाची आठवण इथे सांगून ठेवते, कारण ती पुढे लागणार आहे. सर हो-नाहीच्या प्रश्नांबद्दल बोलत होते. ज्याला काही म्हणता काही येत नाही, तोसुद्धा हो-नाही करत निम्म्याच्या आसपास बरोबर सांगून जातो, म्हणून निम्म्याला आपण अक्कल म्हणायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. हे मला पटलं. पण माझं तोंड गप्प बसेना.

"आणि एखाद्याचं एकही बरोबर आलं नाही तर?"

"तसं होत नाही, बाई. काही न येणाऱ्याचंही थोडंफार जुळतंच." मग ते थोडे हसले. "तुम्हाला असा कोणी भेटला तर मला कळवा."

त्याच वर्षी सरकी काढण्याचा कारखाना असलेल्या एका शेठजींच्या मनात आलं की अकोल्याची एक हुशार मुलगी निवडून तिला अमरावतीच्या वसतिगृहात ठेवायची आणि मॅट्रिकपर्यंत शिकवायची. जेवणखाण, कपडे, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडून. वशिल्याचा बोभाटा नको म्हणून निवड त्यांनी आमच्या सरांवर सोपवली. सरांना तर आभाळ ठेंगणं झालं. मदतीला कोण, तर वर्गातली सर्वांत संशयी विद्यार्थिनी. काम इतकंच, की सर प्रश्न विचारतील आणि मी घड्याळ धरून वेळ सांगायची.

माझी काळजी मात्र वेगळीच होती. अकोल्याच्या ज्या शाळेत जायचं होतं तिथे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी सातवीत होती. सातवीनंतर तिची शाळा बंद होणार हे घरात ठरलेलं होतं. अमरावतीकडच्या संत्र्याच्या बगीचेवाल्यांनी तिला मागणी घातली होती आणि उन्हाळ्यात ते पाहायला येणार होते. ताईने भाऊजींपुढे कधी नव्हे ते तोंड उघडलं होतं आणि एक गोष्ट कबूल करून घेतली होती: पोरीला ही जागा मिळाली तर लग्नाचं नाव काढायचं नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलताना मी सरांना सांगून टाकलं की माझी भाची त्या मुलींत आहे. सर म्हणाले, "बरं केलंत. तुम्ही फक्त घड्याळाकडे बघा."

लढाईचे दिवस होते. अनोळखी माणूस नावगाव विचारू लागला की लोक दार लावून घेत. आम्ही शाळेत पोहोचायच्या आधीच आवई उठली होती की हुशार पोरी निवडून त्यांना जखमी सोजिरांच्या, म्हणजे गोऱ्या शिपायांच्या, चाकरीला धाडणार आहेत. एका बापाने मुलीला असं बजावून पाठवलं होतं की ती बिचारी स्वतःचं नावही सांगेना. मुख्याध्यापिकाबाईंनी घरोघर जाऊन समजूत घातली तेव्हा कुठे मुली आल्या. मला लोकांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

एकेका मुलीला खोलीत बोलावायचं, समोर बसवायचं. सर काही हो-नाहीचे प्रश्न विचारत, काही चित्रं मांडत आणि यातलं विसंगत कोणतं ते बोटाने दाखवायला सांगत. मी त्यांच्या खांद्यामागे घड्याळ घेऊन उभी. एका वकिलांची मुलगी आली, तिने पटापट उत्तरं दिली. सर खूश झाले, आणि तेवढं काही मला नवलाचं वाटलं नाही.

मग माझी भाची आली. सावळी, काटकुळी, कपाळावर तेल ओघळलेलं. शाळेत ती कायम मधल्या रांगेतली. पाढे म्हणताना तिला घाम फुटायचा. आजीबरोबर, म्हणजे माझ्या मायबरोबर, बाजारात बसायला मात्र तिला फार आवडे, आणि आजीलाही ती हवी असे. गिऱ्हाईक "नको, महाग आहे" म्हणत पुढे निघालं की ही आजीच्या कानात सांगायची, "भाव उतरवू नको, आजी. तिचा हात पिशवीकडे गेला." बाई दोन पावलांवरून हमखास परत यायची.

ती आली, बसली आणि एकामागून एक सगळी उत्तरं बरोबर देत गेली. चित्रांवरून तिचं बोट गोगलगाईसारखं सरकायचं आणि बरोबर चित्रावर जाऊन टेकायचं. हो-नाहीच्या प्रश्नाला ती "हो..." असं लांबवायची आणि मग एकतर तेच पक्कं करायची, नाहीतर "नाही" म्हणायची. एकदाही चुकली नाही. ती गेल्यावर सर खुर्चीतून उठले. "बाई, असं डोकं मी आजवर पाहिलं नाही!"

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. ताईला केव्हा सांगते असं झालं. आणि त्याच वेळी मनात पाल चुकचुकली. ही मुलगी पूर्ण वेळ चित्रांकडे बघतच नव्हती. मान खाली होती खरी, पण नजर चित्रांवर नव्हती. ती सरांच्या उजव्या हातावर होती.

पुढची मुलगी आत आली तेव्हा मी खांद्यामागून सरकून बाजूला उभी राहिले. सरांच्या हातात पेन्सिल होती आणि ती टेबलावर हलकेच टकटक करत होती. मुलीचं बोट एका चित्रावरून दुसऱ्यावर गेलं, टकटक. तिसऱ्यावर गेलं, टकटक. बरोबर चित्रावर आलं आणि पेन्सिल थांबली. सरांना त्याचा पत्ताही नव्हता. मुलगी मात्र चित्रातच गुंग होती, तिने बोट तसंच पुढे नेऊन चुकीच्या जागी टेकलं. मला एकदम गुबुगुबु ऐकू आलं.

मी गप्प बसले असते तर पोरीचं आयुष्य मार्गी लागलं असतं, हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं. मी गप्प का बसले नाही, याचं मोठं तात्त्विक कारण माझ्याकडे नाही. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली दिसली आणि ती कोणाच्याही फायद्याची असली, तरी माझा जीव कासावीस होतो. शिवाय दुसरी भीती होती. वसतिगृहात ती जाईल, पहिल्या सहामाहीला कागद पुढे येईल, आणि कागदासमोर कोणाची पेन्सिल थांबत नाही. तिथे ती सगळ्यांदेखत तोंडघशी पडली असती.

सगळ्या मुली घरी गेल्यावर मी सरांना सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. पेन्सिल त्यांनी टेबलावर आडवी ठेवून दिली.

"तुमची भाची आहे म्हणून सांगताय, की भाची असूनही सांगताय?"

"पेन्सिल थांबते म्हणून सांगते."

त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. पण माणूस सच्चा होता. म्हणाले, "उद्या तुमच्या भाचीला पडद्यामागे बसवू. मी तिला दिसणार नाही, ती मला दिसणार नाही. मग बघू."

संध्याकाळी ताईकडे गेले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, तव्यावरची भाकर करपली तरी तिने उलटली नाही.

"वकिलाची पोट्टी हुशार निघाली, तवा तुले शक आला?" तिने विचारलं.

"नाही."

"अन् आपली हुशार निघाली, त तुले शक आला. मंग पडदा एकटीलेच काहून? त्या पोट्टीले काहून नाई?"

तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. सकाळी शाळेत पाऊल टाकल्याबरोबर मी सरांना म्हटलं की पडदा लावायचा तर सगळ्या मुलींना, नाहीतर एकीलाही नको. सर म्हणाले, मीही रात्रभर तोच विचार केला.

पडदा बांधायला खोलीत खुंटी नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंनी घरून धुवट चादर आणली आणि दोन शिक्षकांनी ती दोन बाजूंनी धरली. अलीकडे सर, पलीकडे मुलगी. दारातून डोकावणाऱ्या पोरी खिदळायला लागल्या. "लगन लागून राहिलं वो! अक्षता आना!" कोणीतरी ओरडलं. मुख्याध्यापिकाबाईंनी छडी उगारली, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. चित्रं मी मुलीपुढे मांडायची आणि ती बोट ठेवील तो आकडा मोठ्याने सांगायचा, असं ठरलं. कोणतं उत्तर बरोबर ते मला माहीत असून चालणार नव्हतं, म्हणून सरांनी चित्रं बदलली आणि उत्तरं स्वतःजवळच ठेवली. माझ्यावरही संशय घेतला, हे मला फार आवडलं.

भाचीची पाळी आली. पहिला प्रश्न झाला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. त्या हातांत तिला काही मिळालं नाही. चादरीकडे पाहिलं. चादर पांढरी होती. तिच्या तोंडावरचा तो गोंधळ मी विसरणार नाही, बाजारात आजीचा हात सुटल्यावर लहान पोर उभं राहतं तशी ती बसली होती. मला वाटलं, ओढून फेकून द्यावी ती चादर. मी घड्याळाकडे बघत राहिले.

गुण सगळ्यांचेच उतरले. वकिलांच्या मुलीचेही उतरले, पण तिची पहिली जागा हलली नाही. माझ्या भाचीचे सर्वांत जास्त उतरले आणि शाळेत ती जिथे होती त्या मधल्या रांगेत ती परत येऊन बसली. जागा वकिलांच्या मुलीला मिळाली. योग्य मुलीला मिळाली, यात मला तरी शक नाही. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

निघताना भाची शाळेच्या फाटकाशी उभी होती. रडली होती, पण आता रडत नव्हती. तिने सरांना सरळ विचारलं, "सर, तुमी इचारलं ते मले येत नव्हतं. पण तुमाले काय पायजे, ते मले समजत होतं. ते अक्कल नसते का?"

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "असते," ते म्हणाले. "पण तिचं माप माझ्याकडे नाही."

परतीच्या गाडीत त्यांनी वही काढली आणि भाचीचा प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला आले तेव्हा ताई माझ्याशी कामापुरतं बोलत होती. बगीचेवाले येणार होते. लगीनसराई संपत आली होती, त्यामुळे पसंती पडली तर आठवड्याभरात बार उडवायचा, असा भाऊजींचा बेत होता. सकाळी ओसरीवर ते ताईला म्हणत होते, "यायनं नाई म्हटलं त मंग औंदा राहू दे. जाऊ दे पोट्टीले शाळेत. पण ते नाई म्हननार नाईत." भाची तिथेच दिव्यांच्या काचा पुसत होती. तिने मान वर केली नाही.

दुपारी मंडळी आली. पुरुष ओसरीवर बसले आणि मुलाची आत्या आत सतरंजीवर. भारदस्त बाई, हातात अडकित्ता. घरातला शब्द हिचाच चालतो हे मी बघताक्षणी ओळखलं. भाचीला तिच्यासमोर बसवलं. ताई आणि मी दाराशी. आत्याबाई सुपारी कातरत विचारू लागल्या.

"पहाटं केव्हा उठते वो पोरी?"

"कोंबडा आरवला की..." भाची थांबली. अडकित्ता थांबला होता. "...कूस बदलतो," तिने वाक्य पुरं केलं.

ताईने माझा दंड घट्ट धरला. घरात सगळ्यांआधी उठणारी हीच पोर होती.

"घागरी किती उचलते? एक का दोन?"

"दोन..." अडकित्ता थांबला. "दोन त माय उचलते. मी दोरी धरतो."

"भाकर?"

"थापतो, पन ते गोल नाई होत."

"सासू बोलली त आयकून घेशीन का उत्तर देशीन?"

"उत्तर देईन. शाळंत उत्तर देल्याबिगर बसूच देत नाईत."

हे सगळं ती अगदी भोळ्या तोंडाने सांगत होती. उद्धटपणाचा लवलेश नाही, उलट बिचारी मठ्ठ आहे असंच कोणालाही वाटावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडद्यामागच्या त्या दिवसाने हिची उमेदच मारली आणि ते मी केलं, असं वाटलं. आत्याबाईंनी विचारलं, तुला भाजीचा मळा बरा वाटतो की संत्र्याचा बगीचा. ती म्हणाली, मळा, बगीच्यात साप असतात. शिवण? नाही. स्तोत्र? नाही. ती प्रत्येक वेळी अडखळायची, आणि प्रत्येक वेळी चुकायची.

प्रत्येक वेळी.

पाल चुकचुकली. मी तिच्या नजरेकडे पाहिलं. मान खाली होती. नजर अडकित्त्यावर होती.

जगातल्या सर्वांत मठ्ठ पोरीचंही एखाददुसरं उत्तर आपसूक जुळलं असतं. आत्याबाईंना आवडेल असं काहीतरी चुकून तिच्या तोंडून गेलंच असतं. इथे एकही गेलं नाही. सगळंच्या सगळं चुकायचं तर बरोबर काय ते सगळं कळावं लागतं. असा कोणी नसतो, असं सर म्हणाले होते. ती माझ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बसली होती, आणि मला ते अमरावतीला कळवायला हवं होतं.

आत्याबाईंनी कातरलेली सुपारी तशीच डब्यात टाकली आणि ओसरीकडे बघून खाकरल्या. मंडळी फार वेळ थांबली नाहीत. घरी जाऊन कळवतो म्हणाले, पण कळवायचं काही उरलं नव्हतं. भाऊजी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच मळ्यात निघून गेले.

ताई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडू लागली. "इले आज झालं काय वो? भाकर येत नाई म्हनते! सगळ्या घराले इच्या हातची भाकर लागते." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. अगदी माय बघायची तसं.

"तुले त बारीकसारीक सारं दिसते. खरं सांग. तुले काई शक येते का?"

भाची सतरंजी गुंडाळत होती. ती गुंडाळायची थांबली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिची नजर माझ्या हातांवर होती.

मी कपबश्या गोळा करत होते. एकावर एक बशी ठेवत होते. हात मी थांबू दिला नाही.

"नाही," मी म्हटलं.